थोरल्या गाडीचा शेजार



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वसंत व्याख्यानमाला म्हटली की ज्ञानेश्वरी यावी, मराठ्यांचा इतिहास यावा, फार तर एखादा अर्थशास्त्राचा पंडित यावा, अशी आपल्याकडची वहिवाट आहे. त्यात हा ट्रकांचा विषय कोठून आला, असे कोणी विचारील. पण पुण्यास १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने ही प्रथा सुरू झाली, ती लोकांना जे जाणून घेणे अगत्याचे आहे ते चार लोकांत बसून सांगावे व ऐकावे म्हणून. आणि भिवंडीच्या माणसाला आज कोणती गोष्ट जाणून घेणे अगत्याचे आहे, असा विचार केला, तर मला ट्रकापेक्षा जवळचा विषय दिसत नाही. आपण सकाळी दूध आणायला बाहेर पडलो तरी तो भेटतो, आणि रात्री लग्नावरून परतताना तोच वाट अडवून उभा असतो.

हे असे का झाले, ते आपणांस ठाऊकच आहे; तरी थोडक्यात सांगतो. मुंबई-आग्रा रस्ता आपल्या दारावरून जातो. यंत्रमागाच्या धंद्याला सूत आणायचे आणि कापडाचे तागे न्यायचे, म्हणून ट्रक येथे पूर्वीपासूनच आहे. पुढे १९८९ साली न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले आणि लोखंडी पेट्यांचा, म्हणजे कंटेनरांचा, काळ आला. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या अगदी उंबरठ्यावर, असे मोक्याचे ठिकाण व्यापाऱ्यांना हवे होते. ते त्यांना काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली या गावांत सापडले. भाताच्या खाचरांत गोदामे उभी राहिली. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. गोदामे मात्र राहिली, इतकेच नव्हे तर पडघा-वडप्याच्या पलीकडे पसरत गेली. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि नागपुरापासून ७०१ किलोमीटर आलेला रस्ता आपल्याच तालुक्यात येऊन संपला. तेव्हा ही मोठी गाडी आता पाहुणी राहिलेली नाही. ती आपली शेजारीण आहे. शेजार निवडता येत नाही, असे म्हणतात. पण शेजाऱ्याचा स्वभाव ओळखून वागता येते. आज मला त्या स्वभावाविषयी बोलायचे आहे.

प्रथम एक आक्षेप घेऊन टाकतो, कारण तो आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असणार. “आम्ही काय म्हणून सांभाळून राहायचे? रस्ता आमच्या गावचा. ट्रकांनी आमचे रस्ते उखडले, आमच्या मुलांची वाट अडवली. सांभाळायचे तर त्यांनी सांभाळावे.” या बोलण्यात खोटे काही नाही. पण येथे दोन निरनिराळे प्रश्न एकत्र झाले आहेत. दोष कोणाचा, हा न्यायाचा प्रश्न आहे. तो पोलिसांत, कचेरीत, न्यायालयात आणि नगरसेवकाच्या दारात जोराने मांडावा; मी स्वतः आपणांबरोबर येईन. परंतु वीस मीटरवर ट्रक आलेला असताना जो प्रश्न सुटायचा असतो तो वजनाचा आणि वेगाचा असतो, आणि तेथे कोणाची बाजू खरी हे कोणी पाहत नाही. खऱ्या बाजूचा माणूस चाकाखाली गेला, तर त्याची बाजू मांडायला दुसऱ्याला जावे लागते. म्हणून आधी जीव राखू, मग भांडू.

आता वजनाचेच पाहा. २०१८ साली केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांची वजनमर्यादा वाढवली. सहा चाकी ट्रक आता मालासकट साडेअठरा टनांचा असू शकतो, दहा चाकी साडेअठ्ठावीस टनांचा, आणि सर्वांत मोठा ट्रेलर ५५ टनांपर्यंत जातो. आपली लहान मोटार साधारण एक टन भरते. स्कूटर, तिच्यावरचा नवरा, मागे बसलेली बायको आणि मधले पोर, असे सगळे मिळून पाव टन. म्हणजे भरलेला दहा चाकी ट्रक त्या कुटुंबाच्या शंभरपटीहून अधिक वजनाचा झाला. अशा दोघांची टक्कर होते तेव्हा ट्रकाच्या ड्रायव्हरला कित्येकदा धक्काही जाणवत नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत दर शंभरांमागे सुमारे ४४ दुचाकीवरची होती. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, मृतांचा आकडा १,७२,८९० झाला. एवढी माणसे एखाद्या लढाईत गेली असती तर त्या लढाईची नावनिशी शाळेतल्या पुस्तकांत आली असती.

वजनानंतर थांबण्याचा हिशेब येतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जागरूक माणसालाही दीड सेकंद लागतो. तेवढ्यात ३३ मीटर गेले. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर मोटार आणखी ३५ मीटरांत थांबते. म्हणजे एकूण झाले ६८. भरलेल्या ट्रकाला मात्र ब्रेक लागल्यानंतरच ५५ मीटरांच्या आसपास लागतात. त्याचे ब्रेक हवेच्या दाबाचे. पाय दाबल्यापासून ती हवा मागच्या चाकापर्यंत पोचायला क्षणभर जातो. सगळे मिळून शंभर मीटर धरा. ही सर्व चांगल्या टायरांची आणि कोरड्या रस्त्याची गोष्ट झाली. आपल्याकडच्या श्रावणातल्या रस्त्याला यात दुपटीचा हिशेब धरावा लागतो.

या आकड्यांचा अर्थ व्यवहारात काय होतो? आपण ट्रकाला ओलांडून चटकन त्याच्यापुढे शिरतो आणि पुढे गर्दी दिसली म्हणून ब्रेक दाबतो. याला आपली तरुण मंडळी ‘कट मारणे’ म्हणतात, आणि त्यात काही शौर्य आहे असे त्यांना वाटते. ट्रकवाल्याने आपल्यापुढे जी मोकळी जागा राखलेली असते ती तुमच्यासाठी ठेवलेली नसते. त्याला थांबण्यासाठी लागणारी ती जागा असते. तुम्ही तीच खाल्लीत, तर त्याने कितीही मनापासून ब्रेक दाबला तरी गाडी तुमच्या अंगावर येणारच. म्हणून ओलांडल्यानंतर लगेच आत वळू नये. मधल्या आरशात ट्रकाचे संपूर्ण तोंड, टपापासून खालच्या बंपरापर्यंत, दिसू लागले म्हणजेच डावीकडे यावे, आणि आल्यावर वेग कमी करू नये.

तिसरी गोष्ट नजरेची. आपली समजूत अशी की ट्रकवाला एवढ्या उंच माडीवर बसलेला, त्याला सगळे जग दिसत असणार. दूरचे दिसते, हे खरे. जवळचे मात्र दिसत नाही. केबिनच्या अगदी नाकासमोरचे दोन-तीन मीटर त्याला झाकलेले असतात. तेथून लहान मूल पळाले किंवा स्कूटर घुसली तर त्याला कळत नाही. पाठीमागे तर पेटीच्या भिंतीमुळे पूर्ण अंधार असतो. उजव्या दाराच्या खालचा थोडा भाग दिसत नाही. आणि सर्वांत मोठा आंधळा भाग डाव्या बाजूस असतो, कारण आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि डाव्या दाराच्या खालचे त्याला फक्त आरशातून, तेही अर्धेमुर्धे दिसते. ‘दृष्टीआड सृष्टी’ ही म्हण ज्याने केली त्याने ट्रक पाहिला नव्हता. पण ती लागू मात्र तंतोतंत पडते. आणि दुचाकीवाले कोठून घुसतात? तर नेमके डावीकडून!

यावर एक सोपी खूण सांगतो. ट्रकाच्या बाजूच्या आरशात तुम्हांला ड्रायव्हरचा चेहरा दिसतो का, ते पाहा. चेहरा दिसला, तर तुम्ही त्याला दिसू शकता. दिसला नाही, तर त्याच्या लेखी तुम्ही जगातच नाही. अशा जागी एक क्षणही रेंगाळू नये. मागे राहावे किंवा पुढे निघून जावे. हॉर्न वाजवला म्हणजे भागले, असेही नाही. ‘हॉर्न ओके प्लीज’ ही अक्षरे ट्रकांच्या पाठीवर लिहायला आपल्या राज्याने २०१५ साली मनाई केली, ती त्या अक्षरांनी हॉर्नाचा सुळसुळाट होतो म्हणून. इंजिनाच्या घरघरीत आणि शेकडो हॉर्नांच्या कलकलाटात तुमचाच हॉर्न त्याने ओळखावा, ही अपेक्षा फारच झाली.

डाव्या बाजूचे आणखी एक रहस्य आहे, आणि आपल्या गावाच्या नाक्यानाक्यांवर ते जीव घेणारे आहे. रांजनोली नाका घ्या, माणकोली घ्या, नाहीतर अंजूरफाटा घ्या. लांब ट्रेलरला डावीकडे वळायचे असते तेव्हा तो आधी उजवीकडे झुकतो. त्याला तसे करावेच लागते, कारण वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत. ती आतल्या अंगाने, कोपरा कापत येतात. बैलगाडी हाकणाऱ्या म्हाताऱ्यांना हे ठाऊक होते. आता, ट्रेलर उजवीकडे झुकला की डावीकडे चांगली रुंद वाट मोकळी झाल्यासारखी दिसते. मागच्या स्कूटरवाल्याला वाटते, वा, याने आपल्याला वाट दिली! तो आत शिरतो. आणि मग ती वाट मिटू लागते. पुढून केबिन वळते, मागून चाके आत येतात, आणि एका बाजूस फूटपाथाचा कठडा. तेथून सुटका नाही. म्हणून वळणावर उभा असलेला किंवा वळू लागलेला ट्रक आणि रस्त्याची डावी कड यांच्यामध्ये कधीही जाऊ नये. मग सिग्नल सुटायला दहा सेकंद असोत की दोन मिनिटे. हे वाक्य घरी जाऊन मुलांना सांगा, आणि दुचाकी हातात देण्यापूर्वी त्यांच्याकडून वदवून घ्या.

आता ओलांडण्याचा हिशेब. चौपदरी रस्त्यावर तो थोडा सोपा आहे. उजवीकडून जावे, डावीकडून कधीच नाही, आणि ट्रकाच्या शेजारी समांतर चालत राहू नये. परंतु दुपदरी रस्त्यावर जरा आकडेमोड करून पाहू. ट्रक ताशी ६० ने चालला आहे, तुम्ही ८० ने. तुमचा वेग त्याच्याहून २० ने जास्त, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ट्रेलरची लांबी १६ मीटर, तुमची ४, मागे २० आणि पुढे २० मीटर सुरक्षित अंतर, असे ६० मीटर तुम्हांला त्याच्यावर चढ मिळवायची आहे. त्याला ११ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही रस्त्यावर २४० मीटर गेलात. आणि समोरून येणारा, तोही ८० ने येत असेल तर, आणखी २४० मीटर जवळ आला. म्हणजे जवळजवळ अर्धा किलोमीटर रस्ता स्वच्छ मोकळा दिसत असेल तरच हा व्यवहार करावा. आपल्यापैकी किती जण एवढे पाहतात? आणि वाचते काय? पुढच्या नाक्यावर तोच ट्रक पुन्हा आपल्या शेजारी येऊन उभा राहतो! रस्त्यांच्या कडेला ‘अति घाई, संकटात नेई’ अशा पाट्या असतात. आपण त्या घाईघाईने वाचून पुढे जातो.

ट्रकाच्या इशाऱ्यांविषयीही सावध राहा. उजवा दिवा लुकलुकला, तर काही ड्रायव्हर त्यातून “मी उजवीकडे वळतो आहे” असे सांगतात, आणि काही “रस्ता मोकळा आहे, तुम्ही जा” असे सुचवतात. एकाच खुणेचे दोन परस्परविरुद्ध अर्थ असले म्हणजे ती खूण निरुपयोगी ठरते. आपल्या डोळ्यांनी रस्ता दिसेपर्यंत दुसऱ्याच्या दिव्यावर जीव टांगू नये.

मागून जाताना किती अंतर ठेवावे? मीटर मोजत कोणी गाडी चालवत नाही, म्हणून घड्याळाचे माप वापरावे. पुढचा ट्रक एखाद्या खांबाजवळून गेला की मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ असे सावकाश म्हणावे. तीन म्हणून होण्यापूर्वीच तुम्ही त्या खांबापाशी पोचलात तर तुम्ही फार जवळ आहात. पावसात ही मोजणी दुप्पट करावी. मोठ्या गाडीच्या पाठीला चिकटून चालणाऱ्याला पुढचे काहीच दिसत नाही. ट्रकवाल्याला खड्डा दिसतो, तो गाडी हलकेच बाजूला घेतो, आणि तो खड्डा तुमच्यापुढे अचानक उभा राहतो. शिवाय आपल्याकडे लोखंडाच्या सळया, सुताच्या गाठी, ढिल्या दोरांनी बांधलेली खोकी यांची वाहतूक सतत चालू असते. सळया गाडीबाहेर काढून नेणे बेकायदा आहे. पण बेकायदा सळईसुद्धा तितकीच टोकदार असते.

बंधुभगिनींनो, आतापर्यंत चालत्या ट्रकाविषयी बोललो. उभा ट्रक त्याहून भयंकर आहे. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर, वैजापूरजवळ, यात्रेकरूंची मिनीबस ट्रकावर मागून आदळली आणि १२ माणसे गेली. त्याच्या आदल्या वर्षी, १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे, माजी आमदार विनायक मेटे यांची मोटार मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अवजड वाहनाला धडकली आणि त्यांचा अंत झाला. दोन्ही प्रसंग रात्रीचे किंवा पहाटेचे, दोन्ही रुंद आणि गुळगुळीत रस्त्यांवरचे. मुंबई-पुणे मार्गावरच्या अपघातांचा २०१६ पासून जो बारकाईने अभ्यास झाला, त्यात कडेला उभ्या केलेल्या अवजड गाड्या हे मृत्यूचे एक ठळक कारण म्हणून पुढे आले.

असे का होते, ते पुन्हा हिशेबानेच कळते. खाली वाकवलेल्या दिव्यांचा उजेड सुमारे ४०-५० मीटर नीट पडतो. ताशी ८० च्या वेगाला थांबण्यासाठी ६८ मीटर लागतात, हे आपण मघाशी पाहिले. म्हणजे तुम्हांला उभा ट्रक दिसला तेव्हाच वेळ टळून गेलेली असते! तुमचे दिवे जेथवर पोचतात त्याच्या आत गाडी थांबली पाहिजे, हा रात्रीचा एकच नियम आहे. ट्रकाच्या मागे लाल, कडेला पिवळी आणि पुढे पांढरी चमकपट्टी असावी असा दंडक आहे. पण चिखलाने माखलेली पट्टी चमकत नाही. मागे खालच्या बाजूस लोखंडी आडवा दांडा असतो, तो मोटार ट्रकाखाली घुसू नये म्हणून; पण वाकलेला, गंजलेला दांडा काय अडवणार?

बंद पडलेल्या गाडीमागे आपल्याकडे झाडाची फांदी आणि चार दगड ठेवतात. लाल त्रिकोण नसेल तर फांदी बरी. पण गाडी निघून जाते आणि दगड रस्त्यातच राहतात, ते रात्री दुचाकीवाल्याला शोधत बसतात. ट्रक चालवणारे कोणी येथे बसले असतील, तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: जाताना दगड उचलून ठेवा. तेवढ्याने एखाद्या घरचा दिवा राहील.

घाटाची गोष्ट थोडी वेगळी आहे. कसाऱ्याचा घाट उतरून येणारा माल शेवटी आपल्याच गोदामांत येतो. भरलेला ट्रक उतारावर सारखा ब्रेक दाबत आला की ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर गाडी रोखून धरणे हाच खरा उपाय; पण डिझेल वाचवण्यासाठी काही जण गाडी न्यूट्रल करून सोडतात, आणि मग ती कोणाच्याच ताब्यात राहत नाही. जुलै २०२५ मध्ये खोपोलीजवळ ब्रेक निकामी झालेला एक कंटेनर ओळीने अनेक मोटारींवर आदळत गेला, हे आपण वाचले असेल. म्हणून घाट उतरताना भरलेल्या ट्रकाच्या थेट पुढे राहू नये. त्याला मागे बरेच अंतर ठेवू द्यावे, नाहीतर आपण मागे राहावे. आणि घाटात फोटो काढण्यासाठी वळणावर गाडी लावणाऱ्यांना काय म्हणावे, ते तुम्हीच ठरवा.

इतके सांगून झाल्यावर त्या उंच केबिनमध्ये बसलेल्या माणसाविषयी दोन शब्द बोललो नाही, तर व्याख्यान अर्धवट राहील. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने त्याला दिवसाचे आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती दिलेली होती. तो कायदा २०२५ पर्यंत कागदावर होता. प्रत्यक्षात तो माणूस रात्रभर गाडी चालवून पहाटे आपल्या गोदामापाशी पोचतो, आणि माल उतरायचा नंबर लागेपर्यंत रस्त्याच्या कडेलाच पडून राहतो. तेथे त्याला पाणी नाही, शौचालय नाही, अंग टाकायला जागा नाही. नव्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन असावे असा नियम २०२५ साली लागू झाला. पण जुन्या गाड्यांत बसणाऱ्याचा उन्हाळा तसाच आहे. जो माणूस झोपेला पारखा झाला आहे त्याच्या आरशात तुम्ही दिसलात, तरी त्याच्या मनापर्यंत पोचालच असे नाही. तेव्हा गोदामांच्या मालकांनी आवारात गाड्यांना थांबायची जागा, पाणी आणि संडास द्यावा, ही मागणी ट्रकवाल्यांइतकीच आपलीही आहे. त्याला झोप मिळाली तर आपली पोरे शाळेतून सुखरूप येतील, इतका हा सरळ हिशेब आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. अपघात झाला की आपल्याकडे काय घडते? दोन मिनिटांत गर्दी जमते. पन्नास माणसे ड्रायव्हरला शोधू लागतात, काचा फुटतात, कोणी ट्रक पेटवण्याची भाषा करतो. जखमी माणूस मात्र रस्त्यावर तसाच पडलेला असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलम ड्रायव्हरला सांगते की जखमीला वैद्यकीय मदत मिळवून दे. आणि त्याच कलमात अपवादही आहे, जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर. विचार करा, आपल्या रागाची नोंद कायद्याला करून ठेवावी लागली! ड्रायव्हर पळतो, कारण थांबला तर मार खाईल. आणि तो पळाला म्हणून आपण आणखी चिडतो. या रहाटगाडग्यात जातो तो रक्त वाहणाऱ्याचा वेळ. पहिल्या तासात उपचार मिळाले तर पुष्कळ जखमी वाचतात, असे डॉक्टर सांगतात. तो तास आपण काचा फोडण्यात घालवतो.

“पण पुढे झालो तर पोलिसांचे लचांड मागे लागेल,” असे आता म्हणण्याचे कारण उरलेले नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १३४-अ हे कलम आले. मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगायचे की नाही हे त्याच्या मर्जीवर आहे. १०८ वर रुग्णवाहिका मिळते, ११२ वर पोलीस, आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मे २०२५ पासून रस्त्यावरील जखमीला ठरलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंतचे उपचार रोख न भरता देण्याची केंद्राची योजनाही आहे. पन्नासांतल्या दोघांनी फोन करावा, दोघांनी मागची वाहने थांबवावीत, दोघांनी जखमीजवळ बसावे, आणि बाकीच्यांनी बाजूला होऊन हवा येऊ द्यावी. ड्रायव्हरला धरून ठेवायचे असेल तर जरूर धरा, पण मारू नका. त्याचा हिशेब घ्यायला न्यायालय आहे.

आपण फार शांतपणे ऐकून घेतलेत. हेल्मेटाविषयी मी निराळे बोललो नाही, कारण ‘शिर सलामत तो पगडी पचास’ हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मोटारीच्या मागच्या बाकावरचा पट्टा मात्र पुढच्याइतकाच कायद्याने बंधनकारक आहे, एवढी आठवण देतो. बाकी साऱ्या व्याख्यानातून घरी न्यायचे ते एवढेच: ड्रायव्हरचा चेहरा आरशात दिसेल तेथे राहा, त्याच्या डाव्या कुशीत शिरू नका, त्याच्या पुढची जागा खाऊ नका, मागे तीन मोजण्याइतके अंतर ठेवा, रात्री दिव्यांच्या उजेडाबाहेर वेग नेऊ नका. आणि कोणी पडला तर आधी त्याच्याकडे जा.

आपण सभागृहातून बाहेर पडाल तेव्हा हमरस्त्यावर गाड्यांची रांग चालूच असेल. घाई करू नका. घरी वाट पाहणाऱ्यांना आपण दहा मिनिटे उशिरा आलेले चालते.